सागवानी ठोकळा

ही हकीगत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळण्याचा मला आता सराव झाला आहे. बोलणं होडीकडे वळतंय असं दिसलं की मी चहा टाकायला उठतो, नाहीतर टाकीत पाणी चढलं का बघून येतो म्हणून गच्चीवर जातो. आताही टाळलंच असतं. पण गेल्या महिन्यात बायकोच्या वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर मुलानं पाहुण्यांना होडीचा किस्सा सांगितला. आई भर तलावात सुकाणू सोडून टोपी बांधत बसली आणि होडी तिला पाण्यात टाकून निघून गेली. सगळे हसले. प्रेमानंच हसले. सून म्हणाली, "आई होत्याच तशा बिनधास्त." मीही हसलो. नंतर हात धुताना मनात आलं, की हा किस्सा आता असाच राहणार. तो चुकीचा आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला आहे, आणि त्याची तब्येत काही फार चांगली नाही.

तिचा हात चुकला नव्हता. होडी मी बिघडवली होती.

मी यंत्रांच्या डिझाइनमध्ये आयुष्य काढलं. भोसरीला आमच्या कारखान्यात लेथ बनायचे. लेथचं चाक एका बोटानं फिरलं पाहिजे, ही माझी परीक्षा. चाकाला जोर लावावा लागत असेल तर डिझायनरनं काम अर्धवट सोडलंय, असं मी नव्या पोरांना सांगत असे, आणि ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. फळ्यावर खडूनं एका झटक्यात वर्तुळ काढायची. घरी एकदा तिनं कागदावर काढलेल्या वर्तुळाला मी कंपास लावून पाहिला. कुठेही फरक दिसेना. ती म्हणाली, "झालं समाधान? आता तो कंपास तपासून घ्या."

दोघं निवृत्त झाल्यावर एका रविवारी आम्ही पानशेतच्या रस्त्यानं चाललो होतो. खडकवासला धरणाच्या पाण्यावर दोन-तीन शिडं दिसली. तिनं मला गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ काठावर उभी राहिली. "हे शिकायचं," म्हणाली. पोहायला ती लहानपणी शिकली होती, बाकी पाण्याशी तिचा संबंध नळापुरता. मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, "तुम्ही नका शिकू. तुम्ही डबा घेऊन काठावर बसा." शेवटी दोघंही शिकलो. तिकडे एक छोटा क्लब होता, तो शनिवार-रविवारी शिकवायचा. आमच्या वर्गात बाकी सगळी कॉलेजची मुलं.

मग मी होडी बांधायला घेतली. नकाशे मागवले आणि विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्याच जागेत, काम सुरू केलं. भवानी पेठेतल्या लाकडाच्या दुकानदाराला पाण्यात टिकणारं प्लायवूड मागितलं तर त्यानं चष्म्यावरून बघितलं. "पुण्यात समुद्र कधी आला? आम्हाला कळवलं नाही कुणी." सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस काढली, की पार्किंगमध्ये फक्त वाहनं उभी करावीत. मी म्हटलं, हे वाहनच आहे. ते म्हणाले, "मग पीयूसी दाखवा." एवढ्या कटकटीतून ती होडी तयार झाली. एक डोलकाठी, एक शीड, मागे सुकाणू. एका माणसानं एकट्यानं चालवायची. दुसरा बसू शकायचा, पण गुडघे पोटाशी घेऊन.

शिडाच्या होडीचं सुकाणू कसं वागतं ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. वारा शिडाला ढकलतो. होडीच्या तळातल्या खाचेतून एक फळी पाण्यात उतरलेली असते, ती होडीला आडवं घसरू देत नाही. शिडावरचा जोर फळीच्या जरा मागे पडत असेल, तर होडीचं नाक आपणहून वाऱ्याकडे वळू बघतं. तिला सरळ ठेवायला सुकाणूचा दांडा सतत थोडा आपल्याकडे ओढून धरावा लागतो. हात सोडलात तर ती वाऱ्याला तोंड देते, शीड फडफडतं आणि ती जागच्या जागी थांबते. शिडाचा जोर फळीच्या पुढे गेला तर सगळं उलट. दांडा ओढण्याऐवजी ढकलून धरावा लागतो, आणि हात सोडलात की होडी वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटते. एकटा माणूस पाण्यात पडला तर पहिली होडी त्याच्यासाठी थांबते. दुसरी निघून जाते.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. मी अडाणीपणानं काही केलं नाही.

आमची होडी पहिल्या प्रकारची होती, आणि जरा जास्तच. दांडा चांगला ओढायचा. वारा वाढला की माझा उजवा खांदा, जो आधीच जखडलेला, ठणकायला लागायचा. मी चिडायचो. एवढी मापं काढून, एवढं घासून बांधलेली वस्तू, आणि तिचा दांडा बैलाच्या कासऱ्यासारखा धरून बसायचा? घरी येऊन मी आकडेमोड करायचो, शिडाचा मध्य, फळीचा मध्य. शिडाचा आकार बदलून पाहिला, दोऱ्या बदलल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. परतताना सिंहगड रस्त्याला आमची गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची, मी खांदा दाबत होडीला नावं ठेवायचो, आणि ती खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "तिला कळलं तर शीड फाडून घेईल."

तिला ती ओढ आवडायची. हेच मला सहन होत नव्हतं.

"ओढतेय म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय," मी म्हणायचो.

"ओढतेय म्हणजे जागी आहे. मला हातात कळतं ती कुठे चाललीय ते."

"हा डिझाइनमधला दोष आहे गं."

"असू दे की. तुमच्यातही आहेत. मी कुठे उघडून बघितलं?"

ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची, हेही लिहून टाकतो. मी दांड्याशी झगडायचो. ती वाऱ्याच्या बाजूला होडीच्या काठावर बसायची, अंग बाहेर झोकून होडी अगदी समतल ठेवायची, आणि तेवढ्यानंच तिच्या हातावरचा जोर कमी व्हायचा. होडी कलली की ती वाऱ्याकडे आणखी जोरानं वळते. माझे गुडघे बाहेर झोकू देत नसत, त्यामुळे माझ्या हाताखाली होडी नेहमी कललेली आणि दांडा नेहमी जड. हे मी समजून घ्यायला हवं होतं. मी दांड्यालाच दोष देत राहिलो.

एकटी जायची तेव्हा तिची एक सवय होती. तलावाच्या मध्यावर गेली की ती शिडाची दोरी चापात अडकवायची आणि दांडा सोडून द्यायची. होडी वळून वाऱ्याला तोंड द्यायची आणि थांबायची. मग ही बाई निवांत पाणी प्यायची, टोपीचा बंद बांधायची, डोंगराकडे बघत बसायची. मी काठावरून दुर्बिणीतून बघायचो. परत आल्यावर म्हणायची, "सोडली की थांबते. अशी भली वस्तू घरात दुसरी नाही." हे माझ्याकडे बघून.

एका उन्हाळ्यात माझा खांदा फारच दुखायला लागला. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, ती भिशीला गेलेली असताना, मी एकटाच क्लबवर गेलो. फळीच्या खाचेत सागवानी ठोकळा बसवला, त्यामुळे फळी पूर्ण उभी खाली न जाता जराशी मागे तिरकी राहू लागली. डोलकाठी डेकमधून जिथे आत जाते तिथे तिच्या मागे एक पातळ पट्टी ठोकली, काठी थोडी पुढे झुकली. दोन्हीचा परिणाम एकच. शिडाचा जोर पुढे, फळीची पकड मागे. कुणी विचारलंच तर उत्तर तयार ठेवलं होतं, की उन्हाळ्यात पाणी उतरतं, फळी दगडांना घासते, म्हणून ठोकळा. उत्तर तयार ठेवावंसं वाटलं, यातच काय ते आलं.

मग चालवून बघितली. सकाळचा मंद वारा होता. दांडा गप्प. मी एका बोटानं धरला, ओढ नाही, ढकल नाही. इतकी वर्षं ज्यासाठी कारखान्यात ओरडत होतो ते इथे पाण्यावर हातात आलं. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मी नेहमीसारखा अवघडून बसलो होतो, होडी नेहमीसारखी कललेली होती, आणि त्या कलण्यातून येणारी ओढ माझ्या बदलाला बरोबर खोडून काढत होती. म्हणजे ती होडी फक्त माझ्यासारख्या वाईट बसणाऱ्या माणसाच्या हाताखाली समतोल होती.

बायकोला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती. शिवाय कारखान्यात आमची एक पद्धत होती. मशीनमध्ये सुधारणा केली की ती चालवणाऱ्याला मुद्दाम सांगायचं नाही. काही दिवसांनी तो आपणहून म्हणाला, "साहेब, मशीन आज हलकं चालतंय," तरच सुधारणा खरी. आधी सांगितलं तर माणूस तोंडदेखलं बरं म्हणतो. ही पद्धत मी बायकोवर वापरली. तिनं पाण्यावरून परत यावं आणि म्हणावं, अहो, आज दांडा किती हलका होता, एवढंच मला ऐकायचं होतं.

त्या शनिवारी दुपारी डोंगराकडून चांगला वारा सुटला होता. निघताना तिनं फळीची दोरी सैल केली आणि म्हणाली, "फळी लवकर अडकली वाटतं."

"काठाला उथळ आहे," मी म्हटलं. "पुढे जाईल खाली."

पुढचं मी दुर्बिणीतून पाहिलं. ती नेहमीसारखी बाहेर झोकून बसली, होडी समतल. मध्यावर गेली. दोरी चापात अडकवली, दांडा सोडला आणि दोन्ही हात टोपीकडे नेले. होडीचं नाक वाऱ्याकडे वळलं नाही. ते दुसऱ्या बाजूला वळलं. शीड वाऱ्यानं भरलं, होडीनं वेग घेतला, आणि तिनं दांड्याकडे हात टाकेपर्यंत शिडाची आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आली. ती बसली होती ती बाजू खाली गेली आणि ती पाठीवर पाण्यात पडली. हलकी झालेली होडी डुलत सरळ झाली आणि चालत राहिली. पाण्यावर नारिंगी जॅकेट, आणि त्याच्यापासून दूर दूर जाणारं शीड. पडली त्याच क्षणी मला कारण कळलं होतं. कुणी मला ते समजावून सांगायची गरज नव्हती.

क्लबच्या मोटरबोटीचं इंजिन सुरू होईना. दोरी ओढ, पुन्हा ओढ. मी काठावर उभा राहून मोटरबोटवाल्यावर खेकसत होतो, जणू चूक त्याची होती.

तिला आणलं तेव्हा ती थरथरत होती. कानामागे टेंगूळ, मनगट मुरगळलेलं. पहिलं वाक्य म्हणाली, "पुण्याच्या नळाला उद्या येणारं पाणी मी आज पिऊन आले." मग टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसली. क्लबचे व्यवस्थापक, निवृत्त नौसैनिक, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, सोडताना दांडा धक्क्यानं उलटा गेला असेल. होतं."

मुलगा खराडीच्या ऑफिसमधून निघून थेट तिकडे आला. येताना रस्ताभर ट्रॅफिकमध्ये त्याचा धीर संपला होता.

"आई, धिस इज टू मच. वय बघ ना जरा."

"बघितलं. ओलं झालंय."

"जोक नको करूस. तुला काही झालं असतं तर? बाबा, तुम्ही तरी बोला."

मग ती माझ्याकडे वळली. इतरांना तिनं थट्टेवारी नेलं होतं. मला मात्र ती खरोखर विचारत होती, इंजिनिअर म्हणून विचारत होती.

"अहो, आज दांडा ओढत नव्हता. ढकलून धरावा लागत होता. सुरुवातीपासून. मला वाटलं माझाच काही घोळ होतोय, म्हणून बोलले नाही. असं होऊ शकतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. व्यवस्थापक, मुलगा, मोटरबोटवाला. हो म्हणायचं होतं. फक्त हो. मी म्हणालो, "पाण्यात पडल्यावर सगळं उलटसुलट आठवतं गं माणसाला."

तिनं मांडीवरचा आपला हात उलटा केला, सुलटा केला, त्याच्याकडे बघत राहिली.

होडी पलीकडच्या काठावर दगडांत अडकली होती, तिला फारसं काही झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा एकटा गेलो. ठोकळा काढला, पट्टी काढली, दोन्ही क्लबच्या वॉचमनच्या चुलीजवळच्या सरपणाच्या ढिगावर टाकली. मनात म्हटलं, आता होडी पूर्वीसारखी झाली, आता तिला काही धोका नाही. मी दुरुस्ती करतोय असंच मला वाटत होतं. आपण पुरावा नष्ट करतोय हे डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल तर मी ते बाजूला सारलं.

पावसाळ्याच्या आधी एकदा ती म्हणाली, "मला बघायचंय." मुलाला सांगितलं नाही. मनगट बरं झालं होतं. या वेळी मीही होडीत, गुडघे पोटाशी घेऊन. मध्यावर गेल्यावर तिनं दोरी चापात अडकवली आणि दांडा सोडला. होडीनं शहाण्यासारखं नाक वाऱ्याकडे फिरवलं, शीड फडफडलं, ती थांबली. तिनं होडी पुन्हा चालती केली, पुन्हा सोडली. पुन्हा थांबली. दुसऱ्या बाजूनं करून पाहिलं. तरी थांबली. इतक्या वर्षांत कुठल्या यंत्रानं काम चोख केलं म्हणून मला असा संताप आला नव्हता.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं, मुलगा नव्हता, व्यवस्थापक नव्हते. मी म्हणालो, "वारा वाढतोय, परत जाऊ या."

त्यानंतर ती होडीत बसली नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पण काही महिन्यांनी तिनं स्कूटरची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. पंचवीस-तीस वर्षं ती स्कूटरवर सगळं पुणं फिरली होती, आळंदी रस्त्यावरच्या ट्रकांना शिव्या न देता, म्हणजे फक्त नजरेनं देत. "चौकात ब्रेक दाबला की नाही, याची मला खात्री वाटेना," म्हणाली. "दाबला होता. पण वाटेना." मी म्हटलं, अगं असं काही नसतं. ती म्हणाली, "तुम्ही होता ना तिथे. हाताला वाटतं एक आणि हात करतो भलतंच. मी बघितलंय." पुढे रिक्षानं जायला लागली. रिक्षावाल्यांशी तिची रोज जुंपायची, घरी येऊन त्यांच्या नकला करायची, आम्ही हसायचो. सोसायटीच्या गणपतीची पाटी रंगवायला घेतली तेव्हा मात्र तिनं ओळी आखायला माझ्याकडे पट्टी मागितली. मी पट्टी आणून दिली.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघंच दोन खोल्यांत महिनोन्‌महिने कोंडलेले होतो. याहून चांगली संधी मागूनही मिळाली नसती. रोज सकाळी ठरवायचो, आज चहाबरोबर. चहा व्हायचा. मग भांडी व्हायची, ती मी घासायचो, आणि माझं घासणं तिला पसंत नसायचं. एकदा कसंबसं तोंड उघडलं.

"मला वाटतं, त्या दिवशी होडीतच काहीतरी दोष असेल."

तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं हसून बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही होडीला बदनाम करणार? तुम्ही?"

"नाही गं, खरंच. फळी नीट उतरली नसेल."

"मग नंतर कशी उतरली? आपण बघून आलो ना?" तिनं कपबशी माझ्यासमोरून उचलली. "तीस वर्षं मुलांना सांगितलं, रेघ वाकडी आली तर पेन्सिलीवर ढकलू नका. आता मी म्हातारपणी होडीवर ढकलू?"

मी 'फळी नीट उतरली नसेल' म्हणालो होतो. 'मी ती उतरू दिली नाही' असं म्हणायला हवं होतं. उलट तिच्या मनात असं बसलं, की हा माणूस किती चांगला आहे, आपल्या लाडक्या होडीत दोष काढायला तयार झाला. त्या दिवशी तिनं माझ्या आवडीचं थालीपीठ केलं. ते मी खाल्लं.

दुसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा मुलाचा फोन आला. तिसऱ्यांदा तिचा दात दुखत होता. ही कारणं लिहितानाही मला स्वतःचा वैताग येतो. ज्याला खरंच सांगायचं असतं तो दातदुखी थांबायची वाट बघत नाही.

होडी क्लबच्या शेडमध्ये पडून होती. शेवटी विकायची ठरवलं. खराडीच्या आयटी कंपनीतलं एक तरुण जोडपं बघायला आलं. मला एकट्यालाच जायचं होतं, पण ती म्हणाली, "मी येते. तिच्याबद्दल चार शब्द मीच सांगीन. तुम्ही नुसती मापं सांगाल." तिथे तिनं त्या मुलीला होडीशेजारी उभं केलं, दांडा हातात दिला आणि सगळं समजावलं. कुठे बसायचं, अंग कसं झोकायचं, दोरी कुठे अडकवायची.

"थोडी ओढेल. घाबरू नकोस. ओढते ते चांगलं असतं. आणि एकटी असलीस, दमलीस, तर खुशाल सोडून दे. थांबते ती. अगदी भली आहे."

मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही मग का बंद केलं? इतकं छान सांगताय."

"माझी चूक झाली होती एकदा. हात फिरला माझा. होडीकडे काही दोष नाही हो, तिला नावं ठेवू नका. हातात राहिलं नाही की सोडावं माणसानं."

त्या मुलीच्या नवऱ्याला वाटलं असावं की माझ्या डोळ्यांत होडी चालली म्हणून पाणी आलंय. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, आम्ही नीट सांभाळू." मी त्याला पावसाळ्यात शीड कुठे ठेवायचं ते सांगू लागलो. बराच वेळ सांगत होतो.

परतताना सिंहगड रस्त्यावर नेहमीसारखे अडकलो. पुढे टँकर, बाजूला बस, मागून हॉर्न. ती शांत बसली होती, मांडीवर पर्स. मला वाटलं, आता. इथून दोघांनाही उठून जाता येत नाही. चहा नाही, भांडी नाहीत, फोन मी बंद केला होता.

"अगं, तुला एक सांगायचंय."

तिनं मान माझ्याकडे वळवली. खिडकीची काच वर केली, हॉर्नचा आवाज कमी झाला. "सांगा."

तिनं घाई केली नाही. मला पुरेसा वेळ दिला. टँकर थोडा पुढे सरकला, मीही सरकलो, ब्रेक दाबला. ती माझ्याकडेच बघत होती.

"वाटेत भाजी घ्यायची आहे का?" मी म्हणालो.

"त्याला एवढी प्रस्तावना?" ती म्हणाली आणि पुन्हा समोर बघू लागली. "कोथिंबीर घ्या."

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी तिला छातीत दुखलं आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत सगळं संपलं. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता, पण तेव्हा असं काही बोलायचं नसतं, असं मला वाटलं. आणखी एक कारण.

मुलानं हे वाचल्यावर तो किस्सा बंद करावा, किंवा खरा सांगावा. एवढंच त्याच्याकडून हवं आहे. तिच्याशी बोलायचं होतं ते मी गाडीत, गच्चीवर, भांडी घासताना इतक्या वेळा मनात जुळवलं आहे की आता त्यातला एकही शब्द हलत नाही. अगं, त्या दिवशी दांडा उलटाच लागत होता. तुला बरोबर कळलं होतं. फळीच्या खाचेत मी ठोकळा बसवला होता, तुला न विचारता, आणि नंतर तो काढला तोही मीच. तुझा हात कधीच चुकला नाही. स्कूटर चालवत राहा. पट्टी ठेवून दे. मला माफ कर.